तीन महिन्यांचे गुपित

बाईला दिवस गेले की पहिले तीन महिने कोणाला सांगायचे नाही, असा आपल्याकडे एक अलिखित नियम आहे. पाळी चुकलेली असते, सकाळी उठल्याबरोबर मळमळते, फोडणीचा वास सहन होत नाही, दुपारी डोळ्यांवर झापड येते. घरातल्या जाणत्या बाईच्या हे सारे केव्हाच ध्यानात आलेले असते. तरी कोणी काही बोलत नाही. 'दृष्ट लागते', 'अजून काही खरे नाही', 'चौथा लागू दे, मग बघू' असे म्हणत घर गप्प राहते. महाड-पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांपासून पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांपर्यंत हा नियम सारख्याच निष्ठेने पाळला जातो. बाळंतपणाच्या बाकी सगळ्या गोष्टींत शहर आणि खेडे यांच्यात केवढे तरी अंतर पडले. या गुपिताबाबत मात्र दोघांचे एकमत आहे.

या नियमामागे निव्वळ अंधश्रद्धा आहे असे मी म्हणणार नाही. लक्षात आलेल्या दर सहा-सात गर्भारपणांपैकी साधारण एक पहिल्या काही आठवड्यांतच संपते. त्याचे कारण बहुतेक वेळा गर्भाच्या गुणसूत्रांतला दोष असतो. बाईने उचललेला हंडा, चढलेली घाटी किंवा खाल्लेली पपई हे नव्हे. पण हे कारण ठाऊक नव्हते त्या काळी दोष सरसकट बाईच्या माथी मारला जाई. 'हिचे पोट राहत नाही' असा शिक्का एकदा बसला की तो जन्मभर पुसला जात नसे. तेव्हा कोणाला सांगितलेच नाही तर कोणी बोलणारही नाही, अशी ही आडोशाची सोय होती. दुःख झाकून ठेवायला बाईपाशी गप्प राहण्यावाचून दुसरे होते तरी काय?

मात्र या आडोशाची किंमत द्यावी लागते, आणि ती त्या तीन महिन्यांत कळत नाही. ती सात-आठ महिन्यांनंतर, पुष्कळदा रात्रीच्या वेळी आणि भर पावसात चुकवावी लागते. बाळंतपण घरी करावे की दवाखान्यात, हा वाद आपण नवव्या महिन्यात घालतो. माझे म्हणणे असे की या प्रश्नाचा निकाल प्रत्यक्षात दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच लागलेला असतो. त्या वेळी घर बोलले तर एक निकाल लागतो आणि गप्प राहिले तर दुसरा.

आमच्या भागाकडे पाहिले म्हणजे हे उघड होते. महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावलेली सावित्री पोलादपूरवरून महाडला येते, तिथे काळ आणि गांधारी तिला मिळतात, आणि पुढे ती बाणकोटच्या खाडीकडे जाते. दोन्ही तालुक्यांत वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत कोसळतो. गावे खाली असली तरी त्यांचे कोंड, वाड्या, धनगरवाडे वर डोंगराच्या कुशीत विखुरलेले. कित्येक ठिकाणी डांबरी रस्ता खालीच संपतो आणि पुढे पायवाट. आजही अडलेल्या बाईला डोली करून खाली आणावे लागते, ते अशाच वाड्यांतून. २५ आणि २६ जुलै २००५ च्या पावसात महाड तालुक्यातल्या दासगाव, जुई, कोंडिवते, रोहण या गावांवर दरडी आल्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा जुना पूल दोन एसटी गाड्यांसकट वाहून गेला. २२ जुलै २०२१ ला महाड शहर पाण्याखाली होते आणि त्याच दिवशी तळिये गावावर डोंगर कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यातही केवनाळे आणि सुतारवाडी इथे दरडींनी बळी घेतले.

आता या पावसाच्या जोडीला आमचे दुसरे पंचांग ठेवून पाहावे. ते चाकरमान्यांचे. या दोन तालुक्यांतल्या घरांतला कर्ता पुरुष पिढ्यान् पिढ्या मुंबईत. पूर्वी तो गिरणीत होता, आता सुरक्षारक्षक, चालक, दुकानातला नोकर, कारखान्यातला कामगार. तो गावी येतो गणपतीला, दिवाळीला, शिमग्याला आणि मे महिन्यात. ज्या घरांत बायको गावी राहते, तिथे मुलांचे जन्मही या सणांशी बांधलेले असतात. शिमग्याला राहिलेले मूल मार्गशीर्षाच्या सुमारास, कोरड्या रस्त्याच्या दिवसांत जन्माला येते. गणपतीतले मूल मिरगाच्या तोंडावर येते. दिवाळीत राहिलेले मूल येते ते आषाढ-श्रावणात, म्हणजे नेमके सावित्री दुथडी भरून वाहत असताना.

हा हिशेब करायला डॉक्टर लागत नाही. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवले की बाळंतपणाची अंदाजे तारीख निघते. एखाद्या बाईची पाळी १५ ऑक्टोबरला आली असेल तर तिची तारीख निघते २२ जुलै. तळियेची तारीख हीच होती. कोणत्याही वर्षी त्या सुमारास ओढे भरलेले असणार, एखादा घाट बंद असणार, वीज गेलेली असणार, मोबाइल लागत नसणार. आमच्याकडे ही भविष्यवाणी नव्हे, दरसालचा अनुभव आहे. आणि ही गोष्ट त्या बाईला पाळी चुकली तेव्हा, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यावरच कळू शकते. हातात आठ महिने असतात. भात झोडून झालेले असते, रस्ते कोरडे असतात, नवरा अजून एक-दोनदा घरी यायचा असतो. तयारी करायला याहून चांगला काळ नाही. आणि आपण नेमका तोच गुपितात घालवतो.

गुपिताचे हे आठवडे पोटातल्या जिवाच्या दृष्टीने सर्वांत घाईचे असतात. गर्भाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्यातून होतात ती नळी गर्भधारणेनंतर अठ्ठावीस दिवसांच्या आत मिटते. वरच्या उदाहरणात ती वेळ नोव्हेंबर संपण्यापूर्वीच उलटून जाते. ही नळी नीट मिटावी म्हणून लागणारी फॉलिक आम्लाची साधी, स्वस्त गोळी खरे तर मूल हवे असे ठरले तेव्हापासूनच घ्यायची असते. सहाव्या-सातव्या आठवड्यात बाळाच्या हृदयाची धडधड सोनोग्राफीत दिसू लागते. गर्भ पिशवीत आहे की नळीत अडकला आहे, हे याच सुमारास कळते. नळीत अडकला असेल तर ओटीपोटात एका बाजूला दुखते, थोडे रक्त जाते, भोवळ येते; आणि गुपित पाळणारे घर 'उष्णतेने झाले असेल' म्हणून थांबते. नळी फुटली तर थांबायला वेळ उरत नाही. सोनोग्राफी म्हटली की अजूनही काही घरांत निराळ्याच चौकशा होतात, म्हणून स्पष्टच सांगते. गर्भलिंग पाहणे आणि सांगणे १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. सुरुवातीच्या तपासणीचा उपयोग तारीख, जागा आणि जुळे आहे का हे कळण्यापुरता आहे, आणि तो मोठा आहे.

सरकारी नियमाप्रमाणे बारा आठवड्यांच्या आत नोंदणी व्हावी. १५ ऑक्टोबरचा हिशेब धरला तर ७ जानेवारी, म्हणजे संक्रांतीच्या आत. या पहिल्या भेटीत वजन, रक्तदाब, रक्तगट, हिमोग्लोबिन, लघवीतली साखर आणि प्रथिने एवढे पाहिले जाते. वाचायला हे रुक्ष वाटते. पण २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या दर शंभर गर्भार बायकांपैकी जवळजवळ सेहेचाळीस जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. ज्या बाईचे हिमोग्लोबिन आठ आहे तिला बाळंतपणात गेलेले अर्धा लिटर रक्तही सोसत नाही. तिसऱ्या महिन्यात कळले तर गोळ्या, खाणे आणि गरज पडल्यास शिरेतून लोह देऊन ते भरून काढता येते. आठव्या महिन्यात कळले तर फक्त काळजी करता येते. त्याच पाहणीप्रमाणे देशात पहिल्या तिमाहीत तपासणी झालेल्या माता शंभरातल्या सत्तर होत्या, आणि लोहाच्या गोळ्या पुरते १८० दिवस घेतलेल्या अवघ्या सव्वीस.

आता घरच्या बाळंतपणाकडे येऊ. मी स्वतः पोलादपूर तालुक्यातल्या आमच्या घरी, माजघराच्या आतल्या अंधाऱ्या खोलीत जन्मले. आमच्या आईची सातही बाळंतपणे त्याच खोलीत झाली. तिच्या तोंडून त्या तयारीची वर्णने मी इतक्यांदा ऐकली आहेत की ती मला पाठ आहेत. सातवा लागला की जुनी लुगडी धुऊन, उन्हात तापवून, घडी करून वेगळी ठेवायची. खोली सारवायची. शेगडीसाठी कोळसा, न्हाणीसाठी फाटी पावसाआधीच माळ्यावर चढवायची. ओवा, बाळंतशेपा, डिंक, अळीव डब्यांत भरून ठेवायचे. सुईण खालच्या वाडीतून अधूनमधून येई, पोटावर तेलाचा हात फिरवी, डोके कुठे आहे ते सांगे. तिला ना वाचता येत होते ना लिहिता. पण आमच्या आईला कशाची भीती वाटते, हे तिला ठाऊक होते. ही जवळीक खरी होती आणि आजच्या दवाखान्यांना ती साधलेली नाही, हेही खरे.

मात्र त्याच खोलीतल्या त्या सात बाळंतपणांतली पाच मुले जगली. एक जन्मतः रडलेच नाही आणि एक सटवाईच्या पूजेनंतर चार दिवसांनी गेले. हे त्या काळी कोणाला विशेष वाटले नाही. घराघरांत हीच गोष्ट होती. आनंदीबाई जोशी चौदा वर्षांच्या असताना त्यांना कल्याणला मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. पुढे त्या अमेरिकेत गेल्या, १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या, आणि पदवीच्या प्रबंधासाठी त्यांनी विषय निवडला तो हिंदू परंपरेतल्या प्रसूतिशास्त्राचा. ते पहिले बाळंतपण त्यांच्या मनात किती खोल गेले असेल, हे त्या विषयावरूनच समजते.

माझ्या भावाची मुलगी पुण्याला नोकरी करते. तिला यंदा पहिल्यांदाच दिवस गेले आहेत. दुसरा महिना सरत आला. तिने मला विचारले, "आत्या, आजीची सगळी बाळंतपणे आपल्या गावच्या घरात झाली ना? मग माझे का नको? मी शिकलेली प्रसूतिसेविका सोबत आणीन." हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तिच्या दोन मैत्रिणींची पोटे फाडून बाळंतपणे झाली, आणि का, हे त्यांना धड कोणी सांगितले नाही. देशात शस्त्रक्रियेने होणारी बाळंतपणे २००५-०६ मध्ये शंभरात साडेआठ होती, ती २०१९-२१ मध्ये साडेएकवीस झाली. सरकारी दवाखान्यांत हे प्रमाण १४.३ टक्के आणि खासगीत ४७.४ टक्के. एवढा फरक बायकांच्या शरीररचनेत असू शकत नाही. तेव्हा दवाखान्याची धास्ती ही शहरातल्या मुलींचे नवे खूळ आहे असे म्हणून चालणार नाही. दवाखान्यांनीच ती निर्माण केली आहे.

तरी मी तिला जे सांगितले ते इथेही सांगते. इंग्लंडमध्ये, जिथे प्रसूतिसेविका रीतसर शिकलेल्या असतात आणि रुग्णवाहिका वेळेवर येते, तिथे सुमारे ६४ हजार कमी जोखमीच्या बाळंतपणांचा एक मोठा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बायकांच्या बाबतीत ठरवून केलेले घरचे बाळंतपण बाळाला अधिक धोक्याचे ठरले नाही. पण पहिलटकरणींच्या बाबतीत बाळाला गंभीर अपाय होण्याचे प्रमाण रुग्णालयात हजारी ५.३ होते ते घरी ९.३ निघाले, आणि घरी सुरुवात केलेल्या पहिलटकरणींपैकी शंभरातल्या पंचेचाळीस जणींना कळा सुरू असताना किंवा बाळंतपणानंतर लगेच रुग्णालयात हलवावे लागले. म्हणजे घरचे बाळंतपण तिथे मुळी रुग्णालयाच्या जोडीनेच उभे असते. आमच्या घरापासून ती जोडी किती दूर आहे? अलिबागचे जिल्हा रुग्णालय महाडपासून शंभर किलोमीटरच्या वर, आणि त्याआधी वाडीतून खाली उतरायचे आहेच.

बाळंतपणानंतर रक्त जाऊ लागले आणि ते थांबले नाही, तर बाईच्या हातात साधारण दोन तास असतात. कोणत्या बाईला असे होईल हे आधी सांगता येत नाही. सगळ्या तपासण्या ठीक असलेल्या बाईलाही होऊ शकते. १९९४ मध्ये थॅडियस आणि मेन या दोन अभ्यासकांनी मातांच्या मृत्यूमागचे तीन उशीर सांगितले, ते आजही जगभर प्रमाण मानले जातात. निघायचे ठरवण्यातला उशीर, पोहोचण्यातला उशीर, आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यातला उशीर. दुसरा उशीर रस्त्याचा आणि तिसरा सरकारचा, म्हणून आपण त्या दोहोंबद्दल मोठ्याने बोलतो. पहिला उशीर आपल्या स्वयंपाकघरातला आहे. 'अजून थोडे पाहू', 'याला मुंबईहून येऊ दे', 'पैसे कोणाकडून आणायचे?' हे प्रश्न कळा सुरू झाल्यावर सोडवायला बसले की तो उशीर होतो. हेच प्रश्न तिसऱ्या महिन्यात सोडवून ठेवले तर तो होत नाही.

वेळेचे मोल महाडला कोणी नव्याने शिकवायला नको. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ पासून डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाचे रुग्ण रात्र रात्र उशाशी बसून पाहिले. लाल विंचवाच्या दंशाने गंभीर झालेल्यांपैकी तीसएक टक्के माणसे तेव्हा दगावत. प्राझोसिन हे औषध वेळेवर दिले की माणूस वाचतो, हे त्यांनी दाखवून दिले आणि मृत्यूचे प्रमाण अगदी थोड्यावर आले. जगाने ते मान्य केले. पण त्या औषधाचा उपयोग झाला तो लोकांनी मांत्रिकाकडे जाणे सोडून तडक दवाखान्याची वाट धरली तेव्हाच. विंचू चावल्यावर थांबायचे नाही हे आमच्या लोकांच्या अंगवळणी पडले. गर्भारपणात मात्र आम्ही तीन महिने थांबतो.

याचा अर्थ घराचे काम संपले असा नाही. घराचे काम पुढच्या टोकाकडून अलीकडच्या टोकाला आले आहे. आईच्या वेळी घर सातव्यात जागे होई आणि कळांची तयारी करी. आता त्याने दुसऱ्यात जागे व्हायला हवे. पाळी चुकल्यावर आठवडाभरात आशा कार्यकर्तीकडून तपासणीचा संच घ्यावा. तो तिच्याकडे असतो. नोंदणी संक्रांत-शिमग्यावर न ढकलता लगेच करावी. तारीख काढावी आणि ती भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर खूण करून ठेवावी. ती जून ते सप्टेंबरमध्ये येत असेल तर बाई शेवटचे दोन-तीन आठवडे खाली, रस्त्यालगत कोणाकडे राहील, हे आताच ठरवावे. माहेर खाली असेल तर माहेरी. नसेल तर महाडला मावशी, चुलती कोणी असेलच. जवळच्या दवाखान्यात भूलतज्ज्ञ कोणत्या दिवशी असतो, रक्ताची सोय कुठे आहे, याची चौकशी करावी. बाईच्या रक्तगटाचे दोघे जण हेरून ठेवावेत. १०२ आणि १०८ या क्रमांकांखेरीज गावातल्या एका जीपवाल्याला आधी बोलून ठेवावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नवरा मुंबईत असताना 'निघा' म्हणण्याचा अधिकार घरातल्या एका बाईला सगळ्यांदेखत देऊन ठेवावा. २०११ पासून सरकारी रुग्णालयांत बाळंतपण, शस्त्रक्रिया, औषधे, रक्त, जेवण आणि ने-आण हे सारे मोफत आहे. पैशासाठी थांबण्याचे कारण निदान कागदावर तरी उरलेले नाही.

या तयारीत जुन्या सुइणीची जागा कोणती? आपण तिला एका फटक्यात मोडीत काढले, आणि ते मला मान्य नाही. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या रुग्णालयात सेमेलवाइस या डॉक्टरला आढळले की डॉक्टरांच्या प्रसूतिकक्षात सुइणींच्या कक्षापेक्षा कितीतरी अधिक बायका ज्वराने मरतात. डॉक्टर शवविच्छेदन करून तसेच येत होते. त्यांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावल्याबरोबर मृत्यू झपाट्याने घटले. तेव्हा जागा मोठी की हात स्वच्छ, या प्रश्नाचे उत्तर जुनेच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची काळजी घरोघरी पोहोचवली. त्या ३९ गावांतले नवजात बाळांचे मृत्यू, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने ते प्रसिद्ध केले. आज आशा कार्यकर्ती बाळंतपणानंतर घरी भेटी देते, त्यामागे हाच धडा आहे. आमच्या वाड्यांतल्या राहिलेल्या सुइणींनाही असेच काम देता येईल. कोणाला दिवस गेले हे सर्वांआधी त्यांना कळते. ही बातमी त्यांनी आशेपर्यंत नेली आणि कळा सुरू झाल्यावर बाईचा हात धरून त्या दवाखान्यात गेल्या, तर तेवढ्यानेही बरेच साधेल. २०१६ पासून सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी ओळखीची एक बाई सोबत राहू शकते. ही मुभा कितीजणींना ठाऊक आहे? आणि किती प्रसूतिकक्षांच्या दारात ती खरोखर मिळते?

शासनाकडे मागण्यासारखी एक गोष्ट आहे. राज्याच्या आदिवासी भागांत प्राथमिक आरोग्य केंद्राजवळ 'माहेरघर' नावाची योजना राबवली गेली. तारीख जवळ आलेल्या बाईने आधीच खाली येऊन तिथे राहायचे, सोबत घरचे माणूस ठेवायचे. पोलादपूर आणि महाडच्या डोंगरी गावांना ही सोय पावसाळ्याच्या चार महिन्यांपुरती तरी मिळाली पाहिजे. त्यासाठी नव्या इमारती नकोत. दोन खोल्या, चूल, न्हाणीघर आणि विजेची खात्री एवढे पुरे. पण अशी सोय केली तरी तिथे कोण केव्हा येणार, ही यादी जानेवारीत तयार हवी. ती यादी गुपितातून निघणार नाही.

आकडे निराशेचे नाहीत, हे मुद्दाम सांगते. देशात १९९७-९८ मध्ये दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३९८ माता मरत. २०१८-२० मध्ये ही संख्या ९७ वर आली, आणि महाराष्ट्रात ३३ वर. राज्यात दवाखान्यातली बाळंतपणे २००५-०६ मध्ये ६४.६ टक्के होती, ती २०१९-२१ मध्ये ९४.७ टक्के झाली. राहिली ती शंभरातली पाच. ती बहुधा तिथली असणार जिथे रस्ता संपतो, आणि त्यांच्यासाठी पुण्या-मुंबईची उत्तरे उपयोगी नाहीत.

आणि ज्या बाईचे पहिल्या तीन महिन्यांत जाते तिचे काय? तिच्यासाठी तर हे गुपित फोडणे अधिक आवश्यक आहे. कोणालाच सांगितले नसेल तर तिच्या दुःखालाही कोणी साक्षीदार नसतो. चार दिवसांत ती पुन्हा विहिरीवर आणि शेतावर. सांगितले असेल तर निदान विश्रांती मिळेल, तपासणी होईल, आणि 'यात तुझा दोष नाही' हे वाक्य कोणाच्या तरी तोंडून तिच्या कानी पडेल. सगळ्या गावाला सांगा असे कोणी म्हणत नाही. सासूला, नवऱ्याला, आशेला आणि डॉक्टरला, एवढ्या चौघांना सांगावे. दृष्ट लागायची भीती असेल तर मीठ-मोहऱ्या ओवाळाव्यात, पण नोंदणी करावी.

महाड तालुक्यातच रायगड आहे, आणि रायगडावरच्या हिरकणीची गोष्ट आपण मुलांना सांगत आलो. गडाचे दरवाजे मिटले आणि घरी तान्हे एकटे, म्हणून ती गवळण रात्री कडा उतरून गेली. तिच्या नावाचा बुरूज तिथे आहे; एसटीच्या कितीतरी स्थानकांवर मुलाला पाजण्यासाठी तिच्या नावाचे कक्ष आहेत. तिच्या धाडसाचे कौतुक करताना एक गोष्ट आपण विसरतो. दरवाजा उघडा असता तर तिला कडा उतरावा लागला नसता. आमच्या वाड्यांतल्या गर्भार बाईने भर आषाढात डोलीतून घाटी उतरावी, हे तिचे धाडस मानून आपण थक्क होत राहणे पुरे झाले. तिच्यासाठी दरवाजा उघडायची वेळ कार्तिक-मार्गशीर्षात येते, ती पाळी चुकल्याचे घरात कळते तेव्हा. त्या दिवशी घरातल्या कोणीतरी एकीने तोंड उघडले पाहिजे.